अल्पसोडियमरक्तता, बालकांच्या न्यूमोनियातील
रक्तद्रवातील सोडियमाचे प्रमाण लिटरमागे १३५ मिलिमोलपेक्षा कमी होण्याच्या अवस्थेस अल्पसोडियमरक्तता म्हणतात. निरोगी बालकात हे प्रमाण १३५ ते १४५ असते. न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांत ही अवस्था वारंवार आढळते. ती बहुधा मिठाच्या अभावाने नव्हे, तर शरीरात पाणी साठून राहिल्याने उद्‌भवते. हा भेद स्पष्ट होण्यास सु. शंभर वर्षे लागली आणि तो उपचारात उतरण्यास आणखी अर्धे शतक लागले.

इतिहास : न्यूमोनियाच्या ऐन भरात रुग्णाच्या मूत्रातील क्लोराइडे जवळजवळ नाहीशी होतात, असे रेडटेनबाखर यांनी व्हिएन्ना येथे १८५० मध्ये नमूद केले. आजारात मीठ व पाणी यांचा समतोल बिघडतो, एवढेच त्यावरून कळत होते. रक्तातील सोडियम मोजण्याची जलद पद्धत विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात ज्योत-प्रकाशमापकामुळे उपलब्ध झाली. रक्त संहत झाले की पोष ग्रंथीच्या पश्च भागातून मूत्रप्रतिबंधक हॉर्मोन स्रवते व वृक्के पाणी राखून ठेवतात, हे ई. बी. व्हर्नी यांनी १९४७ मध्ये विशद केले. या हॉर्मोनाची (व्हॅसोप्रेसिनाची) संरचना ठरवून त्याचे संश्लेषण करणारे व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषयाच्या इतिहासात १९५७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी विल्यम श्वॉर्ट्‌झ, फ्रेडरिक बार्टर व त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण वर्णिले. रक्त विरल असूनही त्यांच्या शरीरात हे हॉर्मोन स्रवत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाणी मर्यादित करताच सोडियम वाढले. असाच अनुचित स्राव न्यूमोनियातही होतो, असे पुढे दिसून आले. त्याच वर्षी माल्कम हॉलिडे व विल्यम सेगर यांनी बालकांना शिरेतून द्यावयाच्या द्रवाचे सूत्र मांडले : वजनाच्या पहिल्या दहा किलोग्रॅमपर्यंत दर किलोग्रॅमास रोज १०० मिलि. त्यातील सोडियम लिटरमागे सु. ३० मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या ०·९% लवणविद्रावाच्या सु. एक पंचमांश होते. सूत्र सोपे असल्याने जगभर रूढ झाले. परंतु ज्या बालकाची वृक्के पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, त्याला असा विरल द्रव पूर्ण मात्रेत दिल्यास सोडियम आणखी घटते. तर्षणाने पाणी मेंदूच्या कोशिकांत शिरते, मेंदू सुजतो. ग्लानी, वांती, आचके व प्रसंगी श्वसनरोध होतो. ग्लानी व वांती ही न्यूमोनियाचीही लक्षणे असल्याने धोका झाकला जाई.

फ्रँक शॅन व एस. जर्मर यांना पापुआ न्यू गिनीत न्यूमोनियाच्या सु. ४५% मुलांत ही अवस्था आढळली (१९८५). चंडीगढ येथे रुग्णालयात दाखल झालेल्या २६४ मुलांच्या अभ्यासात (१९९२) हे प्रमाण २७% होते. अशा मुलांचा रुग्णालयातील मुक्काम लांबला व त्यांत मृत्यूही अधिक झाले. अर्थात सोडियमाची घट ही आजाराच्या तीव्रतेची खूणही असते. प्रत्येक मृत्यू तिच्यामुळेच झाला, असे म्हणता येत नाही.

श्वासांची गती मोजून न्यूमोनिया ओळखण्याची रीतही शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतच पारखली होती. महाराष्ट्रात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९८८-८९ मध्ये तशाच निदानाचा अवलंब केला. निमवैद्यकीय कार्यकर्ते, ग्राम आरोग्यसेवक व दाया यांनी गावातच को-ट्रायमोक्साझोल दिले. उपचार झालेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण ०·८% राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३·५% होते. वेळीच प्रतिजैव मिळाल्यास बहुतेक बालकांवर शिरेतून द्रव घेण्याची वेळच येत नाही, हे या प्रयोगाचे प्रस्तुत विषयाशी असलेले नाते होय.

सांप्रत उपचार : मॉरिट्‌झ व आयुस यांनी २००३ मध्ये विरल द्रवांऐवजी रक्ताशी समतर्षणी लवणविद्राव वापरावा, असे सुचविले. अनेक चाचण्यांनंतर अमेरिकन बालरोगतज्ञ अकादमीने २०१८ मध्ये २८ दिवस ते १८ वर्षे वयाच्या बहुतेक रुग्णांसाठी तीच शिफारस केली. तोंडाने घेऊ शकणाऱ्या बालकास शिरेतून द्रव देत नाहीत. द्यावा लागल्यास मात्रा बेताची ठेवून सोडियम पुन्हापुन्हा मोजतात. आचके आल्यास ३% लवणविद्राव देतात. तथापि दीर्घकालीन घट फार वेगाने भरून काढल्यास मेंदूस इजा होते.

भिवंडी (जि. ठाणे) हे यंत्रमागांचे, दाट कामगार वस्तीचे शहर आहे. दाटीची घरे, घरातील धूर व कुपोषण हे घटक न्यूमोनियास पोषक असतात. अशा शहरांत वस्तीपातळीवर श्वास मोजण्याची दक्षता व रुग्णालयात सोडियम मोजण्याची सोय या दोन्ही गोष्टी लागतात. पहिलीस घड्याळ व प्रशिक्षित माणूस पुरतो. दुसरीस दिवसरात्र चालणारी प्रयोगशाळा हवी. ती नसेल तेथे सलाइनची बाटली लावताना तिच्यातील मिठाचे प्रमाण पाहणे, हीच बालकाची पहिली सुरक्षितता ठरते.