ग्रॉस मार्जिन म्हणजे काय? इन्फोसिसचं ३० टक्के, मायक्रोसॉफ्टचं ७० का?

शेअरच्या ॲपवर कंपनी उघडली की आकड्यांच्या गर्दीत ‘ग्रॉस प्रॉफिट मार्जिन’ दिसतं. बरेच जण ते सोडून थेट निव्वळ नफ्याकडे जातात. पण सॉफ्टवेअर कंपनी नेमकं काय विकते, हे या आकड्यावरून पटकन कळतं. तुम्ही इंजिनिअरिंगला असाल तर उद्या तुमचा पगार कुठल्या खात्यात पडणार, हेही.

व्याख्या सोपी आहे. विक्रीच्या पैशातून, ती वस्तू किंवा सेवा ग्राहकापर्यंत पोचवायला लागलेला थेट खर्च वजा करा. उरला तो ग्रॉस प्रॉफिट. त्याला विक्रीने भागून १०० ने गुणलं की मार्जिन. जाहिरात, संशोधन, व्याज, कर हे सगळं त्यानंतर.

मी मानवतचा, कापसाच्या बाजाराच्या गावचा, म्हणून उदाहरण जिनिंगचं घेतो. समजा, जिनिंगवाल्याने १०० रुपयांची रुई-सरकी विकली. ९० रुपये कापसात गेले, मजुरी-हमाली-विजेत ५. मार्जिन उरलं ५ टक्के (आकडे समजुतीपुरते). पुढच्या १०० रुपयांच्या विक्रीसाठी कापूस परत विकत घ्यावाच लागतो.

मायक्रोसॉफ्टला तसा कापूस लागत नाही. वर्ड एकदा लिहिलं की दहा लाखाव्या ग्राहकाला देताना नवा खर्च नगण्य. जून २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री सुमारे २४५ अब्ज डॉलर होती, थेट खर्च ७४ अब्ज. म्हणजे मार्जिन जवळपास ७० टक्के.

आता इन्फोसिस. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नंतर बेंगळुरूला गेली. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात विक्री सुमारे १.५४ लाख कोटी रुपये, थेट खर्च १.०७ लाख कोटी, मार्जिन ३० टक्के. धंदा वाईट आहे असं नाही. ती मुख्यतः इंजिनिअरचा वेळ विकते. नवा प्रोजेक्ट आला की माणसं परत लावावी लागतात. तिचा कापूस म्हणजे आपण.

खरी गंमत पुढे आहे. इन्फोसिसमध्ये ग्राहकाचा कोड लिहिणाऱ्याचा पगार थेट खर्चात धरला जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्याचा पगार ‘संशोधन आणि विकास’ या खात्यात जातो, म्हणजे ग्रॉस प्रॉफिटच्या खाली. त्या वर्षी हे खातं साडेएकोणतीस अब्ज डॉलरचं होतं. म्हणून ७० आणि ३० ची थेट तुलना करू नका. पुढचे खर्च वजा केले की ऑपरेटिंग मार्जिन उरतं सुमारे ४५ आणि २१.

सर्व्हिस कंपनीत ‘बेंच’ची एवढी धास्ती का, तेही इथे समजतं. बेंचवरच्या माणसाचा पगार चालू असतो, पण त्याचं बिल ग्राहकाला लागत नाही. मार्जिनला थेट मार. महागड्या सीनिअरऐवजी फ्रेशर भरण्यामागेही बऱ्याचदा हेच गणित असतं. पण प्रॉडक्ट कंपनीतली नोकरी पक्की, असंही समजू नका. याच मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये १०,००० जणांची कपात जाहीर केली होती.

क्लाउडने मात्र प्रॉडक्टवाल्यांनाही थोडा कापूस घ्यायला लावलाय. पुण्यात मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर आहेत. तिथली वीज आणि सर्व्हरची झीज थेट खर्चात येते. एआयला हे सगळं जास्तच लागतं. २०२५ च्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं ग्रॉस मार्जिन त्यामुळेच घसरलं. फुकट एआय ॲप दिवसाला मोजकेच प्रश्न घेतं, त्याचंही एक कारण हेच.

एक अडचण सांगून ठेवतो. भारतीय कंपनी कायद्याच्या नमुन्यातल्या निकालात ग्रॉस प्रॉफिटची वेगळी ओळच नसते. सगळ्यांचे पगार एका ओळीत असतात. इन्फोसिस आंतरराष्ट्रीय पद्धतीचा निकालही देते, त्यात ती ओळ सापडते. बाकी कंपन्यांसाठी ॲपवाले आपापल्या पद्धतीने आकडा काढतात. दोन ॲपवर एकाच कंपनीचं मार्जिन वेगळं दिसलं, तर पगार कुठे धरलेत ते आधी बघा.