टिंबक्टू शहरानें आपलीं दप्तरें कशीं राखिलीं

इ. स. २०१३ च्या जानेवारीच्या २८ तारखेस फ्रान्स व माली या दोन देशांचें सैन्य सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेवरील टिंबक्टू शहरांत शिरलें. त्याच दिवशीं जगभर अशी वार्ता पसरली कीं, पळून जाणाऱ्या सशस्त्र अतिरेक्यांनीं तेथील अहमद बाबा संस्थेस आग लाविली व शेंकडों वर्षांचा हस्तलिखितांचा ठेवा भस्म झाला. ही हकीकत खुद्द नगराध्यक्षानें सांगितलेली असल्यामुळें तिजविषयीं संशय घेण्याचें कोणास कारण दिसलें नाहीं. परंतु नगराध्यक्ष त्या वेळीं शहरांत नव्हते. ते दूर राजधानींत, बामाको येथें, होते. पुढें थोडक्याच दिवसांत उघडकीस आलें कीं, जळालें तें थोडें व वांचलें तें फार. जबाबदार माणसानें सद्धेतूनें दिलेली समकालीन साक्षहि ती प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीची नसल्यास किती फसवी ठरते, याचें हें उदाहरण संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ज्यांना खरी गोष्ट ठाऊक होती ते त्या काळांत बुद्ध्याच मौन धरून होते. हें मौन एकादोघांचें नसून त्यांत ग्रंथसंग्राहक, गाडीवान, नावाडी, पहारेकरी व ज्यांच्या घरांत पेट्या ठेविल्या तीं कुटुंबें अशीं शेंकडों माणसें सामील होतीं. इतक्या तोंडांतून एक गुपित फुटलें नाहीं, तें कशाच्या बळावर, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस तो परका वाटणार नाहीं.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊं. नायजर नदी जेथें उत्तरेकडे वळसा घेऊन वाळवंटास भिडते त्या वळणानजीक हें शहर वसलेलें असून कबारा हें त्याचें नदीवरील बंदर होय. उत्तरेकडून उंटांच्या तांड्यांनीं मीठ येई, दक्षिणेकडून सोनें येई. आणि या दोहोंबरोबर ग्रंथहि येत. सोळाव्या शतकांतील प्रवासी लिओ आफ्रिकानस यानें येथें ग्रंथांच्या व्यापारांत इतर मालाहून अधिक नफा होतो असें नमूद केलें आहे. सांकोरे, जिंगेरेबेर व सिदी याह्या या तीन मशिदींभोंवतीं विद्येचीं पीठें उभीं राहिलीं. सोंघाय, तुआरेग, अरब, फुलानी अशा निरनिराळ्या जमाती येथें एकमेकींच्या शेजारीं नांदत आल्या आहेत. त्यांचे कलह जुने आहेत, आणि ते मिटविण्याची रीतहि जुनी आहे.

या शहराचा सर्वांत प्रख्यात पंडित अहमद बाबा (इ. स. १५५६–१६२७). मोरोक्कोच्या सुलतानाच्या फौजेनें १५९१ सालीं शहर घेतल्यावर त्यास कैद करून मराकेश येथें नेण्यांत आलें. आपले सोळाशें ग्रंथ लुटले गेले आणि आपल्या सर्व कुळांत आपलाच संग्रह लहान होता, असें तो म्हणे. या दुर्दैवापासून तेथील घराण्यांनीं एक धडा घेतला. ग्रंथ एका ठिकाणीं रचून न ठेवतां ते घरोघर वांटून, प्रसंगीं वाळूंत पुरून व भिंतींत चिणून ठेवावे, हा तो धडा होय. फ्रेंचांचा अंमल आल्यावरहि हीच रीत चालली. या संग्रहांत कुराणाच्या प्रती, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक व व्याकरण यांवरील ग्रंथ आहेत. तसेच खरेदीविक्रीचे करार, निवाडे व खाजगी पत्रव्यवहारहि आहे. बहुतेक लेखन अरबींत. कांहीं स्थानिक भाषांत, परंतु अरबी लिपींत.

स्वतंत्र मालींत १९७३ सालीं अहमद बाबा संस्था निघाली. तिच्यासाठीं १९८४ पासून अब्देल कादर हैदरा हा तरुण, स्वतः एका ग्रंथसंग्राहक घराण्यांतील, गांवोगांव हिंडूं लागला. आमच्याकडे कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला व पुढें हयातभर जुन्या घराण्यांचे उंबरे झिजविले, हें वाचकांस विदित आहेच. ज्या घरीं दप्तर आहे तेथेंच ‘आमच्याकडे कांहीं नाहीं’ असें प्रथम सांगण्यांत येतें, हा अनुभव हैदरा यांसहि आला. कोठें उंटावरून, कोठें होडींतून जावें, दिवसचे दिवस बसावें, घरांतील वडील मंडळींचा विश्वास संपादावा, कधीं पैसे तर कधीं गुरें देऊन ग्रंथ मिळवावे, असा हा क्रम होता. पुढें त्यांनीं आपल्या पित्याच्या नांवें घराण्याचेंच ग्रंथालय उघडलें व इतर घराण्यांसहि तसें करण्यास प्रवृत्त केलें. आमच्या मतें, जें २०१२ सालीं कामास आलें तें याच वर्षांत सांठविलेलें भांडवल होय. आणि तें कागदांचें नव्हे, तर विश्वासाचें.

शहरानें अतिरेकास एकजुटीनें अडविल्याचे दोन दाखले याहून आधींचे आहेत. जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ हा सप्टेंबर १८५३ मध्यें येथें आला, तेव्हां मासिनाच्या राज्यकर्त्यानें या ख्रिस्ती परकीयास हांकून देण्याचा हुकूम पाठविला. त्याच्या जिवावरहि बेतलें होतें. शहरांतील शेख अहमद अल्-बक्काई यानें त्यास आपल्या आश्रयाखालीं घेतलें, आणि शरण आलेल्या पाहुण्यास इजा करणें धर्मबाह्य आहे अशी बाजू धर्मशास्त्राच्याच आधारें मांडली. बार्थ सुमारें आठ महिने राहून सुखरूप परतला. दुसरा दाखला अलीकडचा. १९९० नंतर उत्तर मालींत तुआरेगांचें बंड व त्यावर सोंघायांच्या टोळ्यांचे सूड यांनीं कहर मांडला, तेव्हां नुसत्या सरकारी तहानें शांतता झाली नाहीं; जमातींच्या वडील मंडळींनीं कुरणें, बाजार व वाटा यांविषयीं आपसांत बैठका घेतल्या, तेव्हांच ती टिकूं लागली. २७ मार्च १९९६ रोजीं टिंबक्टू येथें सुमारें तीन हजार शस्त्रें जाहीरपणें जाळण्यांत आलीं.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. मार्च २०१२ मध्यें बामाको येथें लष्करी बंड झालें. त्या गोंधळांत १ एप्रिल रोजीं टिंबक्टू प्रथम तुआरेग बंडखोरांच्या व लगेच ‘अन्सार दीन’ आणि त्याची साथीदार ‘अल्-कायदा’ यांच्या हातीं गेलें. गाणें-बजावणें बंद झालें, स्त्रियांवर जाचक नियम लादण्यांत आले, फटक्यांच्या शिक्षा भर चौकांत होऊं लागल्या. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा दोन धर्मांचा झगडा नव्हता. गांजणारे स्वतःस मुसलमान म्हणवीत आणि गांजले जाणारेहि मुसलमानच होते. टिंबक्टू हें ३३३ पीरांचें शहर म्हणून ओळखलें जातें. त्या पीरांचे दर्गे ३० जूनपासून कुदळीनें पाडण्यांत आले, आणि २ जुलै रोजीं सिदी याह्या मशिदीचें, कयामतीपर्यंत उघडूं नये अशी श्रद्धा असलेलें, दारहि फोडण्यांत आलें.

दर्गे हलवितां येत नाहींत; ग्रंथ येतात. हैदरा व इतर संग्रहांचे रक्षक यांनीं पत्र्याच्या पेट्या खरेदी करून त्यांत ग्रंथ भरले व रात्रीं गाढवांच्या गाड्यांवरून ग्रंथालयांतून सामान्य नागरिकांच्या घरीं पोंचते केले. अहमद बाबा संस्थेच्या जुन्या इमारतींतील ग्रंथ काढण्यांत एका वृद्ध व निरक्षर पहारेकऱ्याचा हात होता. त्यानें ते धान्याच्या रिकाम्या पोत्यांत भरून नेले, असें प्रसिद्ध झालें आहे. स्वतःस जें वाचतां येत नाहीं त्यासाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्या या माणसाची योग्यता आम्हां वाचणाऱ्यांहून कमी कशी म्हणावी? पुढें घरेंहि सुरक्षित वाटेनात, तेव्हां पेट्या मोटारींतून बामाकोकडे निघाल्या. वाटेंत अतिरेक्यांचीं ठाणीं होतीं तशीं सरकारी सैन्याचींहि होतीं. दोहींकडे झडती होई. जानेवारी २०१३ मध्यें युद्धामुळें रस्ते बंद झाले, तेव्हां उरलेल्या पेट्या होड्यांत घालून नायजर नदीच्या मार्गानें नेण्यांत आल्या. या खर्चास हॉलंड, जर्मनी वगैरे देशांतून साहाय्य आलें. परंतु पैशानें गाडी मिळते, मौन मिळत नाहीं. तें शहरानें दिलें.

आतां नफ्यातोट्याचा हिशेब. अहमद बाबा संस्थेच्या नव्या इमारतींतील चार हजारांवर हस्तलिखितें जळालीं अथवा नाहींशीं झालीं. त्याच इमारतीच्या तळघरांतील दहा हजारांवर मात्र अतिरेक्यांच्या दृष्टीस न पडल्यामुळें राहिलीं. खाजगी संग्रहांतून साडेतीन लक्षांहून अधिक हस्तलिखितें हलविलीं असा जो आंकडा प्रसिद्ध झाला, तो फुगविलेला असल्याचें कांहीं अभ्यासकांनीं पुढें प्रतिपादिलें. सुटीं पानें व बाडें मोजण्याच्या पद्धतीवरहि असे आंकडे अवलंबून असतात, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगणें नको. आंकडा कमी केला तरी कृत्याचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट, स्तुतीपायीं प्रमाण सोडणें हें त्या ग्रंथांच्या रक्षकांसहि शोभणारें नाहीं.

आणि याच न्यायानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सैन्य शहरांत आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, २९ जानेवारीस, जमावानें अरब व्यापाऱ्यांचीं दुकानें फोडून लुटलीं. अतिरेक्यांत कांहीं अरब व तुआरेग होते, एवढ्यावरून सर्वच अरब व तुआरेग संशयास पात्र ठरले. सैन्य येण्याच्या सुमारास व त्यानंतर कित्येक कुटुंबें सूडाच्या भयानें मॉरिटानियांतील निर्वासितांच्या छावणींत गेलीं. ज्या शहरानें दहा महिने कागद राखिले त्याला एक दिवस शेजारी राखतां आला नाहीं. हें लिहितांना आम्हांस खेद होतो. पण तें गाळल्यास या इतिहासाचा अर्थच हरवेल. जेथें घराण्याघराण्यांतील विश्वास वर्षानुवर्षें जोपासला होता तेथें शहर अभेद्य ठरलें. जेथें १९९६ च्या सलोख्यानंतर तो पुन्हां विरूं दिला होता तेथें तें पहिल्याच धक्क्यास उसवलें. अतिरेकी हाच उसवलेला टांका शोधीत असतात. एका जमातीच्या कांहींजणांच्या अपराधाचा भार त्या सर्व जमातीवर टाकणें, हें त्यांचें काम त्यांच्या पश्चात् आपण पुरें करण्यासारखेंच होय.

पुढील दुरुस्ती शहरानेंच केली. पडलेल्या दर्ग्यांपैकीं चौदा दर्गे तेथील पिढीजात गवंड्यांनीं युनेस्कोच्या साहाय्यानें, जुनीं छायाचित्रें व वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारानें, २०१५ पर्यंत पुन्हां उभारले. दर्गे पाडण्यांत पुढाकार घेणारा अहमद अल्-फकी अल्-महदी हा त्याच प्रदेशांतील. त्यानें हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढें गुन्हा कबूल करून क्षमा मागितली, व २७ सप्टेंबर २०१६ रोजीं त्यास नऊ वर्षांची शिक्षा झाली. केवळ सांस्कृतिक वास्तूंच्या विध्वंसाबद्दल त्या न्यायालयानें दिलेली ही पहिलीच शिक्षा. २०१७ सालीं सत्तावीस लक्ष युरोंची भरपाई ठरविण्यांत आली. तींत नुसत्या भिंतींची नव्हे, तर नागरिकांच्या मनास झालेल्या दुःखाचीहि दखल घेतलेली आहे. तथापि धोका टळला असें म्हणतां येत नाहीं. २०२३ सालीं अतिरेक्यांनीं शहराची नाकेबंदी केली. असें असूनहि ऑगस्ट २०२५ मध्यें अहमद बाबा संस्थेच्या हस्तलिखितांच्या पेट्या बामाकोहून परत टिंबक्टूकडे जाऊं लागल्या.

या हकीकतींतून आमच्यासारख्यांनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, दप्तर मंडळाच्या कपाटांत आलें म्हणजे आपलें काम संपलें असें समजूं नये. ज्या घरांतून तें आलें त्या घराशीं संबंध तुटला, तर संकटसमयीं त्यासाठीं दार उघडणारा कोणी उरत नाहीं. दुसरी, अस्सलाची नक्कल व यादी निरनिराळ्या ठिकाणीं असावी. आणि तिसरी, जुने कागद हे कोणा एका जातीचे वा पंथाचे नसतात, हें बोलून न थांबतां आचरणांत आणावें. आमच्या रुमालांत फारशी सनदा व मोडी पत्रें एकाच गांठींत बांधलेलीं सांपडतात. त्यांचे वारस आजहि एकाच पेठेंत राहतात. त्या वारसांस एकमेकांच्या कागदांची किंमत कळावी, हें संशोधकाच्या हातून होण्यासारखें नगररक्षणाचें काम आहे. तें संकट येण्यापूर्वींच करावें लागतें. हैदरा १९८४ सालीं गांवोगांव हिंडूं लागले, तेव्हां २०१२ साल कोणाच्याहि ध्यानींमनीं नव्हतें.