ओप्लिस्मेनस (सावलीतले गवत)

पोएसी कुलातील, जमिनीसरपट वाढणारे देशी गवत. सिंधुदुर्गात देवराया, पोफळीच्या बागा, फणस-रातांब्याखालची परसे अशा ओलसर, पातेरा साचणाऱ्या जागी ते आपोआप उगवते. त्याची दखल कोणी घेत नाही; बेणणीत कापले जाते एवढेच.

कोकणात मुख्यतः दोन जाती आढळतात. ओप्लिस्मेनस कंपोझिटस ही बहुवर्षायू, तर ओ. बर्मानी ही तिच्याहून लहान आणि केसाळ. ब्लॅटर व मॅकॅन यांच्या ‘द बॉम्बे ग्रासेस’ (१९३५) या ग्रंथात दोन्हींची नोंद आहे. पान भाल्याच्या पात्यासारखे, आणि त्यावर आडव्या सुरकुत्या, ओले पातळ न झटकता वाळत घातल्यासारख्या. खोड पेरापेराला मुळे धरत पुढे सरकते. प्रजातीचे नाव ‘शस्त्रसज्ज’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले; शस्त्रे म्हणजे कणिशकांची कुसळे. कंपोझिटसची कुसळे गुळगुळीत पण चिकट असतात. पावसाच्या अखेरीस बागेत फेरी मारून आलेल्या कुत्र्याच्या पायांवर आणि आपल्या पायजम्यावर चिकटून बी नव्या जागी पोहोचते. बर्मानीची कुसळे खरखरीत असतात.

लॉनसाठी लावतात त्या हरळीला भरपूर ऊन लागते. झाडाखाली ती विरळ होत जाते. तिची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत (सी-४) कडक उन्हाला साजेशी आहे. ओप्लिस्मेनसची पद्धत भातासारखी सी-३ असून ते कमी उजेडात भागवते. आंब्याखाली विकतचे लॉन अंथरून दरवर्षी ते पुन्हा बदलण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ.

त्याऐवजी तिथे ओप्लिस्मेनस लावावे. लागवडीला बी लागत नाही. पावसाने जोर धरला की मुळे फुटलेली पेरे वीतभर अंतराने टोचावीत. जमीन खणू नये; पातेरा पातळ करावा, सगळा काढू नये. मात्र आंबा-फणसाच्या पानांचा जाड थर साचू दिल्यास गवत खाली गुदमरते. जांभ्याच्या उतारावर मुळांचे जाळे माती धरून ठेवते. माडा-पोफळींना उन्हाळ्यात शिंपण असेल तिथे ते हिरवे राहते, कोरड्या परसात सुकते. रोजच्या पायवाटेवर लावू नये, तुडवणे त्याला फारसे सोसत नाही. बुशब्राउन गटातील तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या याच्या पानांवर वाढतात. पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध मारू नये.

याच प्रजातीतील ओ. अंड्युलॅटिफोलियस हे गवत १९९६ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात आढळले आणि तिथल्या जंगलात उपद्रवी ठरले. तेव्हा कोकणातले गवत कोकणातच लावलेले बरे. लागवडीसाठी देवराईत हात घालू नये. शेजाऱ्याच्या बागेत बेणणी चालू असेल त्या दिवशी टोपली घेऊन जावे.