पडद्यावरची वाट

17 सप्टेंबर 1925, मेक्सिको शहर. ट्राम बसवर आदळली, त्याला मिनिटभरही झालेलं नाही. अठरा वर्षांची फ्रिडा काहलो, पुढे चित्रकार म्हणून गाजणारी, तुमच्या समोर पडली आहे. लोखंडी दांडा तिच्या कमरेत घुसलाय. एक माणूस पुढे होतो, गुडघा टेकवतो आणि दांडा खेचून काढतो. तुम्ही "थांबा" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

रेडक्रॉसच्या इस्पितळात तिच्या खाटेपाशी जा. पेल्व्हिस, म्हणजे कमरेचं हाडांचं कडं, तीन ठिकाणी मोडलंय. क्ष-किरण सापडून तीस वर्षं झाली, तरी उपाय एवढाच: प्लास्टर आणि पडून राहणं. महिन्याभराने तिला घरी सोडतील. मणक्यांनाही इजा झाली होती, हे पुढे दुखणं उलटल्यावर कळेल.

आता 1995, सिएटलचं हार्बरव्ह्यू इस्पितळ. शिशाचा एप्रन चढवा. खांदे भरून येतील. डॉ. मिल्टन राउट आणि त्यांचे सहकारी रुग्णाला उताणं ठेवून, हाड न उघडता मोडलेल्या कड्यात स्क्रू बसवतात. त्याचे पहिले निष्कर्ष याच वर्षी छापून आले आहेत. आधी पाय ताणून निखळलेली बाजू जागेवर आणली जाते. ती येत नसेल, तर मोठी चीर घ्यावीच लागते. मग सी-आर्म, म्हणजे पडद्यावर क्ष-किरण चित्र दाखवणारं यंत्र, डोक्याच्या बाजूने तिरपा होतो: स्क्रूला वाट दाखवणारी तार पुढे चाललीय की मागे, ते दिसतं. पायांच्या बाजूने तिरपा होतो: वर की खाली, ते दिसतं. कुल्ह्यावर बोटाच्या पेराएवढी चीर. तिच्यातून तार त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडात, शिरते. पुढे पायाकडे जाणारी नस, खाली नसांची छिद्रं. मधली वाट अरुंद. तार चुकली तर पाऊल लुळं पडू शकतं. तुम्ही श्वास रोखता. पडद्यावर तार बरोबर मध्ये आहे. तिच्यावरूनच पोकळ स्क्रू आत फिरतो.

माझ्या लेखी खरी करामत चीर लहान असण्यात नाही, पावलागणिक दिसण्यात आहे. आज संगणक हीच वाट त्रिमितीत दाखवतो.

पण टेबलापर्यंत रुग्ण जिवंत पोचायला हवा. हे कडं फुटलं की आतल्या आत प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अपघातात कमरेला मार बसलेल्याला उठवून बसवू नका, उभं करू नका, अंगात घुसलेली वस्तू उपसू नका. 108 ला फोन करा आणि त्याच्याजवळ थांबा.