आमच्या खिडक्यांचा इतिहास

साताऱ्याच्या माणसाला इतिहास सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जो जन्मला, तो आपोआप इतिहासकार होतो. आमचे शेजारी पाणीपट्टीबद्दल बोलायला लागले तरी तिसऱ्या वाक्याला थोरल्या शाहूमहाराजांपर्यंत पोचतात. अशा गावात सगळे चांगले विषय थोरामोठ्यांनी आधीच वाटून घेतलेले. माझ्या वाट्याला उरला तो विंडोजचा इतिहास. तसा तोही राजघराण्याचाच. पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव, एक्सपी, व्हिस्टा, सातवे, आठवे. नववे गादीवर बसलेच नाहीत, एकदम दहावे आले. असं का, याचा खुलासा दरबारातून कधी नीट झाला नाही.

आमच्या कचेरीत काँप्युटर आला तेव्हा नुसता काळा पडदा होता. त्यावर एक पांढरी रेघ डोळे मिचकावत उभी. बँकेतल्या कॅशियरसारखी, ‘बोला, काय काम काढलंत?’ असा चेहरा. पुढं विंडोज ३.१ आलं आणि पडद्याचे रंग बदलता येतात, हा शोध मला लागला. त्यात तांबड्या-पिवळ्या रंगाची एक तयार जोडी होती. मी ती हौसेनं लावली. हेडक्लार्क येऊन बघून गेले आणि म्हणाले, “हळदीकुंकू कधी ठेवलंय?”

तिथूनच ते व्यसन लागलं. माणसाला घराचा आराखडा बदलता येत नाही, साहेब बदलता येत नाही, बाकीच्या गोष्टींबद्दल लिहायला नको. पण काँप्युटरची पार्श्वभूमी दिवसातून चार वेळा बदलता येते. मी माउसच्या बाणाचा आकार बदलला, कचऱ्याच्या डब्याचं चित्र बदललं, चालू होतानाचा आवाज बदलला. काम तेवढं पहिलंच राहिलं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ निघालं, तेव्हा परदेशात लोक मध्यरात्री दुकानांपुढं रांगा लावून उभे होते म्हणे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर त्याच्या रंगांचे दिवे सोडले होते. आपल्याकडं मध्यरात्रीची रांग रॉकेललासुद्धा लावलेली आहे, त्यामुळं त्याचं अप्रूप नाही. आमच्या घरी ते १९९६ मध्ये आलं. कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण. काँप्युटर बंद करायचा तर तेच दाबायचं, यावर आमच्या हिनं खूप वाद घातला. वडिलांनी मात्र ताबडतोब मान्य केलं. म्हणाले, “आमच्या वेळी रजेचा अर्ज हजेरीच्याच टेबलावर द्यावा लागे.”

वडील इतक्या सहज बदल मान्य करणारे गृहस्थ नव्हते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि खालच्या तुकड्याचं नाव ठेवलं दक्षिण सातारा. १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. सरकारनं केलं, लोकांनी केलं, वडिलांनी केलं नाही. माझी अक्का सांगलीला दिली, तेव्हा तिच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी ‘जि. दक्षिण सातारा’ असं छापून घेतलं होतं. दाजींच्या घरची मंडळी त्यावरून अजून बोलतात.

तर अशा वडिलांनी १९९९ मध्ये आठवणी सांगायला घेतल्या आणि मी त्या टाइप केल्या. तेव्हा विंडोज ९८ होतं. या अठ्ठ्याण्णवाचं जाहीर प्रात्यक्षिक चालू असताना खुद्द बिल गेट्सच्या पुढ्यात ते बंद पडून निळा पडदा आला होता. ही हकीकत वडिलांना फार आवडली. “मालकाचंही ऐकत नाही. म्हणजे वशिल्याचं नाही,” म्हणाले.

ते सांगायचे, मी बडवायचो. अकरा वर्षांचे असताना त्यांनी पाहिलेला १९४२ च्या सप्टेंबरातला वडूजचा मोर्चा, तिथला गोळीबार, पत्री सरकारच्या काळात रात्री भाकरी मागायला येणारी माणसं आणि आजीनं कुणाचंही नाव न विचारता वाढलेलं कोरड्यास. एकशे बेचाळीस पानं झाली. २००३ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी मी एक्सपीचा नवा काँप्युटर आणला, आठवणींची सीडी करून कपाटात ठेवली आणि जुना काँप्युटर सांगलीला दाजींच्या हळदीच्या दुकानात पाठवून दिला.

एक्सपीच्या पडद्यावर ती प्रसिद्ध हिरवी टेकडी होती. चार्ल्स ओरिअर नावाच्या गृहस्थानं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात तो फोटो काढला. आमच्या घरात तो कासचा समजतात. “पठाराला जाताना उजवीकडं लागतं ते,” असं आमची ही पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे ‘हो हो, पाहिलंय’ म्हणतात. या एक्सपीलाही लोकांनी पहिल्यांदा नावंच ठेवली. पोरांच्या खेळण्यासारखं दिसतं म्हणाले. पाचएक वर्षांनी व्हिस्टा आलं. ते प्रत्येक गोष्टीला ‘नक्की करू ना?’ असं विचारायचं. तेव्हा तेच लोक पैसे भरून घेतलेलं नवं काढून ‘आमचं खेळणं परत द्या’ म्हणायला लागले.

मी तसला नव्हतो. नवं निघालं की मी घेतलंच. आणि दर वेळी सांगलीला जाऊन दाजींना उपदेशही केला. दाजींच्या पडद्यावर सांगलीचा गणपती. त्याच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून सगळी चित्रं त्यांनी एकेक करून कडेला ओढून बसवलेली, मांडवात माणसं बसवावीत तशी. खातेवही डाव्या सोंडेपाशी, पत्रं मोदकापाशी. २००७ च्या दिवाळीत मी म्हटलं, “दाजी, हे भंगारात द्या आता.” ते म्हणाले, “बरं पावणं, देतो.” पुढच्या खेपेला टेबलावर नवा लॅपटॉप दिसला आणि मला आपल्या कार्याचं समाधान वाटलं.

२०१२ मध्ये आठवे आले आणि त्यांनी स्टार्टचं बटणच काढून टाकलं! काँप्युटर उघडला तर पडद्यावर नुसत्या रंगीत फरश्या. न्हाणीघरात आल्यासारखं वाटलं. बंद करायची सोय उजव्या कडेला आत कुठंतरी लपवलेली, ती सापडेना म्हणून पहिल्या दिवशी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. जगभर ओरड झाली. ज्या बटणाला सतरा वर्षांपूर्वी लोक हसले होते, ते परत मिळवून देणारे प्रोग्राम लोक शोधून शोधून घालू लागले. शेवटी २०१३ च्या ऑक्टोबरात कंपनीनं बटण परत दिलं. पण ते दाबलं की पुन्हा न्हाणीघरच!

त्याच वर्षी वडिलांना जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून आठवणी छापाव्यात असं ठरलं. मी सीडी काढून फाइल उघडली. आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं दिलेले ‘ओ’.

कारण कळायला वेळ लागला. त्या जुन्या काळी काँप्युटरमध्ये मराठी अक्षरं पोटभाडेकरू होती. खोल्या सगळ्या इंग्रजीच्या नावावर, आत राहायचे आपले क, ख, ग. ज्या मराठी प्रोग्रामनं त्यांना तिथं बसवलं होतं तो नसला, की भाडेकरू गायब आणि दारावरच्या इंग्रजी पाट्या तेवढ्या शिल्लक. प्रत्येक अक्षराला स्वतःच्या नावावर खोली मिळाली ती युनिकोडमुळं, आणि विंडोजमध्ये मराठीची ती सोय विंडोज २००० पासून झाली. त्यातली ‘मंगल’ ही अक्षरं र. कृ. जोशी यांच्या हातची. आम्ही टाइप केलं ते त्याच्या एक वर्ष आधी. शिवाय आमचा प्रोग्राम चालायला मागं प्रिंटरच्या जागी काडेपेटीएवढं एक ‘लॉक’ बसवावं लागे. ते जुन्या काँप्युटरबरोबर गेलेलं. नव्या काँप्युटरला तर ते भोकच नाही.

शेजारच्या इंजिनिअर मुलानं रूपांतर करणारा एक प्रोग्राम लावून पाहिला. त्यातून जे निघालं त्यात वडील ‘शिनवारी गिणताच्या’ तासाला बसले होते आणि बाहेरून ‘मोचार्’ चालला होता. पहिल्या वेलांट्या एक घर अलीकडं सरकलेल्या, रफार पलीकडं पडलेले, आणि निम्मी जोडाक्षरं बेपत्ता. एकशे बेचाळीस पानं अशी. कुठला शब्द वडिलांचा आणि कुठला यंत्राचा, हे मला सांगता येईना. घरात मोडीतल्या कागदांची एक पेटी होती. ती वाचता येत नाही म्हणून मी आजोबांच्या पिढीला हसत असे. हा कागद मी स्वतः टाइप केलेला होता.

मी अक्काला सांगितलं, थोडं काम बाकी आहे. सहा वर्षं तेच सांगत राहिलो.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. फोन लागेना. लागला तेव्हा अक्का म्हणाली, “आम्ही माडीवर आहोत, सुखरूप आहोत. यांनी खालून काय वर आणलं माहिताय? देव, खातेवह्या आणि तुझा तो डबा. टीव्ही राहिला खाली.”

“कुठला डबा?”

“बाबांचा काँप्युटर. दुकानात मागं ठेवला होता झाकून. तुला कळलं तर तू बोलशील म्हणून यांनी सांगितलं नाही.”

पाणी उतरल्यावर गेलो. भिंतींवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. माडीवर दाजींनी पोत्याची सुतळी सोडली, पडदा जोडला, बटण दाबलं. ढग आले, खाली निळी पट्टी सरकायला लागली आणि डाव्या सोंडेपाशी खातेवही घेऊन गणपती उगवला. मागं लॉक जागच्या जागी होतं. फाइल मी पाठवताना पुसली होती असं मला वाटत होतं. दाजींनी ती मोदकापाशी ठेवली होती. “सासऱ्यांचं हाय म्हणून हलवलं न्हाई,” म्हणाले.

वडिलांचं पहिलं वाक्य पडद्यावर सरळ, वेलांट्यांसकट उभं राहिलं. ‘माझा जन्म सातारा जिल्ह्यात झाला. तेव्हा तो एकच होता.’ अक्का चष्मा शोधायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दाजींचा खडखड्या प्रिंटर दुपारभर चालला. मधेच ते म्हणाले, “आमच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली, म्हाईत हाय का? ती अजून वाचता येती. अपग्रेड न्हाई केली कुणी.” मी गप्प बसून कागद फाडत होतो.

आता ती पानं मी पुन्हा टाइप करतोय, युनिकोडमध्ये. सध्या एकशे अठराव्यावर आहे. एवढा वेळ लागायचं कारण, प्रत्येक पान अक्काला फोनवर वाचून दाखवावं लागतं आणि प्रत्येक पानाला ती म्हणते, “बाबा असं नव्हते म्हणाले.” दरम्यान विंडोज ११ आलं. त्यांनी स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून मधे आणलंय म्हणे. दहाव्यांची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा मी सवयीनं नवं घालायला गेलो. काँप्युटरनं नम्रपणे कळवलं, की हे यंत्र त्यास पात्र नाही. दाजींना फोन करून सांगितलं. ते इतके हसले, की अक्कानं फोन काढून घेतला.