हार्ड डिस्क बोलू लागली त्याची गोष्ट

1980 साली सीगेटने आणलेल्या एसटी-506 या 5 एमबीच्या हार्ड डिस्कला स्वतःबद्दल काहीही सांगता येत नसे. आपल्यात 153 सिलिंडर आणि 4 हेड आहेत, हेसुद्धा नाही. ते माणसाने सांगायचे. 1984च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता बायोसमध्येच होता आणि सेटअप करताना त्यातला बरोबर क्रमांक निवडावा लागे. हा क्रमांक बॅटरीवर जगणाऱ्या सीमॉस मेमरीत राही. बॅटरी संपली की तो पुसला जाई आणि डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरून संगणक सुरू होत नसे.

1986च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी कंट्रोलर डिस्कवरच बसवला. या आयडीई पद्धतीचे एटीए प्रमाण 1994 साली जाहीर झाले. त्यातली ‘आयडेंटिफाय’ ही आज्ञा मिळाली की डिस्क 512 बाइटचे उत्तर देते: अनुक्रमांकाला 20 अक्षरे, फर्मवेअरला 8, मॉडेलच्या नावाला 40. गंमत म्हणजे यातली अक्षरे जोडीजोडीने उलटी येतात. 1234 हे 2143 असे दिसते. ती सुलट करायचे काम प्रोग्रॅमचे.

लिनक्सवर मार्क लॉर्ड यांच्या ‘एचडीपार्म’ने हे उत्तर कमांड लाइनवर आणले. त्यात लहान ‘आय’ दिला तर कर्नलने आधी मिळवलेली माहिती दिसते, कॅपिटल दिला तर थेट डिस्कलाच विचारले जाते. 2002पासून ब्रूस अ‍ॅलन यांच्या पुढाकाराने वाढलेल्या स्मार्टमाँटूल्समधला ‘स्मार्टसीटीएल’ ओळखीबरोबर प्रकृतीही सांगतो.

विंडोजमध्ये मात्र अनेकांची फसगत होते. ‘व्हॉल’ लिहिल्यावर दिसणारा क्रमांक डिस्कचा नसतोच. तो फॉरमॅट करताना तयार होतो, पुन्हा फॉरमॅट केले की बदलतो. कारखान्यातला अनुक्रमांक हवा असेल तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’कडे जावे लागते.

फ्लॅश मेमरीवरच्या एसएसडीसाठी आलेल्या 2011च्या एनव्हीएमई प्रमाणात फिरत्या तबकड्या गेल्या, सिलिंडर-हेड गेले. 20, 8 आणि 40 अक्षरांच्या जागा मात्र तशाच राहिल्या.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हे अनुक्रमांक आजच टिपून प्रत्येक ट्रेवर चिकटवावेत. लिनक्स डिस्कना देते ती ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात आणि पूर्ण बंद पडलेली डिस्क कुठल्याच आज्ञेला उत्तर देत नाही.