अंदाज, अनुमान, गृहीत : काही शब्दांचा मागोवा

इंग्रजीतील 'अझ्यूम', 'प्रिझ्यूम', 'सपोज' आणि 'इमॅजिन' ही क्रियापदे मराठीत आणताना आपण बहुधा 'समजणे' आणि 'कल्पना करणे' या दोहोंवरच भागवतो. मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हापासून प्रतिशब्दांचा शोध चालूच आहे. पण प्रतिशब्द सापडला म्हणजे शब्दाचे पोट उलगडले असे होत नाही.

'अझ्यूम'च्या मुळाशी लॅटिनमधील 'सूमेरे', म्हणजे घेणे, हे क्रियापद आहे. अझ्यूम करणे म्हणजे आपल्याकडे घेणे. आपल्या 'गृहीत'चा धातू 'ग्रह्'. त्याचाही अर्थ घेणे, पकडणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र रेखाटले आहे. मराठीने मात्र त्यावर 'धरणे' जोडून पकड दुप्पट केली. 'प्रिझ्यूम' म्हणजे आधीच घेणे, आणि त्यावरून झालेले विशेषण उद्धटपणाचे. येथे आपल्या 'अगाऊ' या शब्दाची आठवण व्हावी : अगाऊ रक्कम आणि अगाऊ कार्टे यांत तोच प्रवास झालेला आहे. 'सपोज'मध्ये खाली ठेवणे आहे. ग्रीक 'हायपॉथिसिस'मध्येही तेच : विचाराची इमारत उभी करण्यापूर्वी खाली घातलेला दगड.

याउलट आपल्या 'अनुमान'मध्ये 'मा' हा मोजण्याचा धातू आहे. मान, प्रमाण, परिमाण ही त्याचीच भावंडे. नैयायिकांनी अनुमानाला प्रत्यक्षाच्या खालोखाल प्रमाणाचे स्थान दिले. धूर पाहून अग्नी जाणणे हे त्यांच्या लेखी मनाचे खेळणे नव्हते. 'कयास' अरबीतून आला. त्याचाही मूळ अर्थ मापणे, आणि इस्लामी धर्मशास्त्रात साधर्म्यावरून निर्णय काढण्याच्या पद्धतीचे ते नाव आहे. 'अंदाज' फारसी. ज्या 'अंदाख्तन' या क्रियापदाशी तो जोडला जातो त्याला फेकणे आणि मापणे असे दोन्ही अर्थ आहेत. तिरंदाज आणि गोलंदाज यांतला 'अंदाज' फेकण्याचा. पावसाचा अंदाज मापण्याचा. संस्कृत, अरबी, फारसी अशा तीन दिशांनी तीन शब्द मराठीत आले आणि तिन्ही मोजपट्टी घेऊनच आले. शिवाय 'हवामान' या रोजच्या शब्दात अरबी हवेला संस्कृत मान चिकटलेले आहे, ते वेगळेच.

बुलढाणा जिल्ह्यात या शब्दांचा व्यवहार पाहावा. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे परंपरा सांगते. गावाबाहेर शेतात वर्तुळाकार अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, शिवाय पापड, कुरडई, करंजी, पानसुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने यावर हरकत घेतली आहे, आणि ती रास्तच आहे. ढेकळाच्या ओलीवरून जुलैचा पाऊस कळत नाही. आमचे लक्ष शब्दाकडे आहे. येथे कोणी 'अंदाज' म्हणत नाही, 'भाकीत' म्हणतात. भाक देणे, करुणा भाकणे यांच्या शेजारचा हा शब्द. त्यात माप नाही, वाणी आहे. अंदाज चुकतो, अनुमान चुकते. भाकीत 'खोटे ठरते'. भाषेने दोघांना निराळी शिक्षा ठेवली आहे.

आणि 'मांडणी'? संस्कृतात 'कल्पना'चा मूळचा अर्थ रचणे, जुळवणे, सिद्ध करणे हाच होता. संकल्प, प्रकल्प, अर्थसंकल्प यांत तो टिकून आहे. म्हणजे भेंडवळचा घट हा जुन्या अर्थाने कल्पनाच म्हणावा लागेल. पुढे वेदान्ताच्या छायेत हा शब्द काळवंडला; 'दासबोधा'च्या सातव्या दशकात तर द्वैतकल्पनेच्या निरसनाला एक स्वतंत्र समास दिलेला आहे. कोलरिजने १८१७ साली 'इमॅजिनेशन'ला जी सर्जक शक्तीची प्रतिष्ठा दिली ती मराठीत आणताना आपण हाच काळवंडलेला शब्द उचलला आणि त्याला 'शक्ती'ची जोड दिली. 'कल्पनाशक्ती' म्हणताना मनात येणारा किंचित हलकेपणा, जणू ती खऱ्याच्या विरुद्ध काहीतरी असावी, तो यामुळेच असावा असे आम्हांला वाटते. 'इमॅजिन'मध्ये प्रतिमा आहे, 'कल्पना'मध्ये बांधकाम. खरे तर कवीच्या कामाला आपलाच शब्द अधिक जवळचा होता.

आता महसुली दप्तराकडे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होते आणि येथल्या जमाबंदीच्या भाषेवर फारसीची दाट साय आहे. खरिपाच्या पिकाची पैसेवारी आजही तीन पायऱ्यांनी जाहीर होते : नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. पन्नास पैशांहून कमी आली तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने दुष्काळाचे निकष बदलले, तरी या आकड्याकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतातच. दप्तरातला 'नजरअंदाज' म्हणजे नजरेने केलेले माप. पण हिंदी-उर्दूत तोच जोडशब्द उपेक्षा करणे, नजरेआड टाकणे या अर्थाने रूढ आहे. मापण्याचा अंदाज आणि फेकण्याचा अंदाज एकाच शब्दात समोरासमोर उभे राहतात. सीमेलगतच्या ज्या तालुक्यांत दोन्ही भाषा कानांवर पडतात, तेथे ही पैसेवारी कोणत्या अर्थाने ऐकली जात असेल?

याच दप्तराने आणखी एक शब्द घडवला : 'दुष्काळसदृश'. २०१८ च्या ऑक्टोबरात शासनाने आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली आणि महिनाअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ. अलंकारशास्त्रात 'सदृश' हा उपमेचा वाचक शब्द. उपमेत उपमेय आणि उपमान निराळे असावेच लागतात. काळ्या पडलेल्या सोयाबीनच्या शेतात उभे राहून त्यातले उपमान कोणते आणि उपमेय कोणते, ते मात्र मम्मटालाही सांगता आले नसते.